परक्यांचे बाबा

बाबा जाऊन महिना झाल्यावर केतकीने त्यांना फोनवरच्या पत्त्यांच्या ॲपमध्ये सुरू केले. माणूस गेला तरी ते ॲप त्याच्या फोनवरच्या जुन्या डावांवरून त्याला पुन्हा खेळायला बसवी, त्याच्याच आवाजात.

सात-आठच्या पहिल्या डावात तिला आठ हात करायचे होते. झाले पाचच, तीन कमी. घरी बाबा तिच्यासाठी हुकमाचा एक्का दाबून ठेवत. इथे त्यांनी कसलीच गय केली नाही.

“आता तुमचे तीन पत्ते ओढणार हं!” बाबा हसले.

“बाबा, मी केतकी.”

“छान नाव. नवीन दिसता. कुठून खेळताय?”

तिच्याशी बाबा नेहमी खऱ्या पत्त्यांनी खेळत. फोनवर ते फक्त परक्यांशी खेळले होते.

“साताऱ्याहून,” ती म्हणाली.

“अरे वा! आम्हीही साताऱ्याचेच.”