एक हात पाठीमागे

टिळेकरसरांच्या कृत्रिम हृदयातली बिघडलेली चिप आज बदलायची होती, तीही हृदय चालू ठेवून. असल्या शस्त्रक्रिया आता इलेक्ट्रिकल इंजिनिअरच करत. पण समोर आली ती शाल्मली, त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर डुलक्या काढणारी. आपलं शिकवणं कधी कुणाच्या डोक्यात शिरलं असेल, याची सरांना मुळीच खात्री नव्हती.

“इलेक्ट्रिकल घेऊन काय दिवे लावणार, असं बाबा म्हणायचे,” ती हसली. “तुम्हीच त्यांची समजूत घातलीत, सर.”

मग उजव्या हातात चिमटा घेताना तिनं डावा हात आपसूक पाठीमागे नेला. चालू सर्किटला एकच हात लावायचा, म्हणजे वीज छातीतून जात नाही. यासाठी सर वर्गात जन्मभर ओरडले होते.

“कर सुरू, बाळ,” म्हणत सरांनी निवांत डोळे मिटले.