अलिबागातलं गोडं पाणी

दुसरी विहीरही खारी निघाली. वृषभनं तोंडातलं पाणी थुंकून टाकलं आणि आईकडं न बघता म्हणाला, “समुद्र जवळ हाय गं. असंच लागणार.”

पद्मावती रिक्षात बसून होती. पाणी विहिरीचंच, तेही गाळून प्यायचं, नळाचं घ्यायचं नाही, हा तिचा नेम. कोगनोळीहून आणलेला कॅन सकाळीच संपला होता. इथं गोडं पाणी मिळालं तर ती लेकाकडं राहणार होती. नाहीतर परत कोगनोळीला, कुलूप काढून त्या रिकाम्या घरात.

“आणि एक विहीर हाय म्हणालासा न्हवं?” तिनं रिक्षावाल्याला विचारलं.

“आहे ना. पलीकडच्या वाडीत. लहानपणी आम्ही तिचंच पाणी प्यायचो.”

वृषभचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला आणि परत आला. “मला ऑफिसला जायला पायजे. काका, तेवढी विहीर आईला दाखवा. न्हाय जमलं तर स्टँडवर सोडा.” मग आईला म्हणाला, “पनवेलला उतर. तिथनं निपाणीची गाडी मिळंल. आलीस तशीच.”

“व्हय. आणि जमलं तर सांजंला घरी येते.”

तो फोन खिशात घालत वळला.

रिक्षा मासळीबाजारावरून गेली, सुरूच्या झाडांखालून वळली. समोर समुद्र पसरला होता.

“एवढं पाणी, आणि आजींना घोटभर मिळेना,” रिक्षावाला हसला.

“मीठ टाकणाऱ्याचा हात सैल सुटला बघा,” ती म्हणाली.

लोटा काढायला तिनं सीटमागं हात घातला. पिशवीशेजारी तिची मोठी बॅग होती. ती तर तिनं लेकाच्या घरीच ठेवली होती. तिनं चेन उघडली. सगळं नीट भरलेलं होतं. वरती तिचं लुगडं होतं, सकाळी तिनंच गॅलरीत वाळत घातलेलं. घडी सुनेच्या हातची. लुगडं अजून ओलं होतं.

तिनं चेन लावली.

वाडीतल्या विहिरीत रिक्षावाल्यानं बादली सोडली. पाणी वर काढून चाखलं. “आजी, शहाळ्यासारखं गोड आहे. काम झालं तुमचं. आता राहा खुशाल.”

पद्मावतीनं लोट्याच्या तोंडावर दुहेरी फडकं धरलं, पाणी गाळलं आणि लोटा उंच धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पदरानं तोंड पुसलं.

“मचूळ हाय,” ती म्हणाली. “स्टँडवर चला.”

रिक्षावाला तिच्याकडं बघत राहिला, मग रिकाम्या लोट्याकडं. “बसा मग,” तो हळूच म्हणाला.

“जरा थांबा.”

ती उकिडवी बसली. फडकं उलटं करून बादलीतल्या पाण्यात हलक्या हातानं धुतलं. मग कठड्याला टेकून बादली आत सोडली, हिसका न देता, थोडी थोडी.

“आता हे काय, आजी?”

“फडक्यात बारीक जीव अडकत्यात. ते परत सोडायचे. त्याच विहिरीत.” दोर तिच्या मुठीतून सरकत होता. “दुसऱ्या पाण्यात जगत न्हाईत ते.”