पोटातलं बिऱ्हाड

सुनेचं आतडं आजारानं ओसाड पडलं, तेव्हा डॉक्टरांनी सासूबाईंच्या ठणठणीत आतड्यातले जंतू तिच्यात सोडले. ते टिकले तरच ती वाचणार होती. महिन्याभरात ठणठणीत सासूबाईच झोपेत गेल्या. तपासणीच्या दिवशी सून धास्तावली. "माझ्या प्रतिपिंडांनी हाकललंच असेल हो त्यांना! आमचं जन्मात पटलं नाही. चहात साखरेचा दुसरा चमचा घातला की खाकरायच्या." डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. एकेका जंतूभोवती हिरवी चमक होती. "ही तुमची प्रतिपिंडं. हाकलत नाहीयेत, आतड्याच्या अस्तराशी धरून ठेवतायत. सासूबाई आता कुठे जात नाहीत." घरी येऊन तिनं मुद्दाम दुसरा चमचा उचलला. पोटात कुणीतरी खाकरलं. "बरं, नाही घालत." तिनं चमचा ठेवला. पोट गप्प झालं. स्वयंपाकघर फारच शांत वाटलं. चमचा पुन्हा उचलून ती कान देऊन उभी राहिली.