तिसऱ्या दिवसाची फांदी

बागप्रेमींच्या राष्ट्रीय संस्थेची कोल्हापूर शाखा गणपतरावांनी काढली, आणि तिची एक रीतही त्यांनीच घालून दिली. सभासद वारला की तिसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्याच्या बागेत जायचं, गुलाबाच्या प्रत्येक झाडाची एक फांदी तिरकी कापायची आणि आपल्या दारात लावायची. माणूस गेला तरी त्याचा गुलाब जाऊ नये. पुढं देशभरातल्या शाखांनी ही रीत उचलली.

यंदा ऐन थंडीत गणपतराव दवाखान्यातून घरी आले. "नुस्ती कमजोरी हाय, म्हनलेत डॉक्टर," झुंबरबाईंनी नवऱ्याला सांगितलं.

रविवारी सगळी शाखा भेटायला आली.

"काय झालंय तुमास्नी? पैलवान दिसतायसा की!" दस्तगीरभाई मोठ्यानं हसले. "फुडच्या वर्षीचं गुलाब प्रदर्शन तुमीच उघडायचं!"

मग सगळे गच्चीवर गुलाब बघायला गेले. खाली आल्यावर मात्र कुणी चहालाही थांबलं नाही.

संध्याकाळी गणपतराव कठड्याला धरून कसेबसे गच्चीवर चढले. झाडं कळ्यांनी लगडली होती. आणि प्रत्येक झाडाची एक, फक्त एक फांदी तिरकी कापलेली होती. काप अजून ओला होता.

"कुणी कापल्या ह्या?" त्यांनी मागं उभ्या असलेल्या बायकोला विचारलं.

झुंबरबाईंनी पदराच्या टोकानं एक ओला काप टिपला.



"उन्हाळ्यात कापलेली फांदी जगत न्हाय, म्हनले दस्तगीरभावजी."