भिंतीवरची ओळ

केशरबाई भरलेली चरवी घेऊन गेल्या आणि भरलेलीच परत घेऊन आल्या.

चरवी त्यांनी उंबऱ्यात ठेवली. त्यांचा लेक मच्छिंद्र आत भूमच्या बाजारपेठेतल्या कापडदुकानाचं जाहिरातीचं पत्रक लिहीत बसला होता. दूध नासलं का, असं त्यानं विचारलं. नासलं नव्हतं. दूध संघाच्या केंद्रावर माप घेणाऱ्या दगडोबानं झाकण काढून पाहिलं, वास घेतला आणि दूध चांगलं आहे असंही म्हणाला. पण हे कॅनमध्ये ओतलं तर गाव दूध घालायचं बंद करील, म्हणून घरी न्या, असं त्यानं सांगितलं. बौद्धवाड्यातून केंद्रावर दूध नेणाऱ्या केशरबाई पहिल्याच. म्हैस गेल्याच महिन्यात व्याली होती.

"तुज्याच भिंतीखाली हुबं ऱ्हाऊन बोलला," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाय. मला वाटलं, तू वर कायतरी येगळंच लिवलं असशील."

केंद्राच्या भिंतीवर लिहिलं होतं, 'दुधाला जात नसते. घराघराचं दूध, आपला संघ.'

मच्छिंद्रनं वही मिटली.

बहात्तरच्या दुष्काळात तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होता. सगळ्या मजुरांत मॅट्रिक झालेला तो एकटाच. दुपारच्या सुट्टीत तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा, आणि तहसीलमधला कारकूनही ते शेवटपर्यंत वाचायचा. ते ऐकून भूमच्या गुरुलिंग कापडवाल्यानं त्याच्याकडून दिवाळीचं पत्रक लिहून घेतलं. मग तंबूतला सिनेमा आला, चहापत्तीवाला आला, इंजिनांचं दुकान आलं. वही काखेत मारून तो दुकानोदुकान फिरायचा, मालकाशी तासभर बोलायचा आणि चार ओळी लिहून द्यायचा. तो कुणाचा नोकर नव्हता. मेव्हण्यानं बघून दिलेली कारकुनाची जागा त्यानं नाकारली, तेव्हा सगळे पाहुणे त्याला हसले होते.

यंदा दूध संघाचं काम मिळालं आणि हसणारे गप्प झाले. चाळीस गावांच्या भिंती आणि पत्रकं, वर्षभराचं काम. चेअरमन आबाराव याच गावचे. त्यांना ती ओळ इतकी आवडली की पेंटरला त्यांनी आधी आपल्याच गावच्या केंद्रावर पाठवलं. ओळ सुचली त्या दिवशी मच्छिंद्रही स्वतःवर खूश होता. केंद्रावर कुणाकुणाचं दूध घेतात, हे मात्र त्यानं विचारलं नव्हतं. दगडोबापेक्षा हेच त्याला जास्त झोंबत होतं.

त्यानं परसात जाऊन बादलीत चुना कालवला आणि कुंचला घेऊन निघाला. केशरबाई चरवी उचलून त्याच्या मागोमाग चालू लागल्या.

केंद्रापुढं अजून रांग होती. मच्छिंद्र थेट भिंतीशी गेला आणि पहिल्या अक्षरापासून चुना फिरवायला लागला. दगडोबा आडवा आला, पण मच्छिंद्रचा चेहरा बघून बाजूला झाला आणि आबारावांना बोलवायला धावला.

आबाराव मोटारसायकलवरून आले तोवर 'जात नसते' अर्धं गेलं होतं. ते ओरडले नाहीत. गुरुवारी मुंबईहून साहेब येणार आहेत, दूध थंड करायच्या यंत्राची मंजुरी त्यांच्याच हातात आहे, आणि त्यांना ही ओळ मुद्दाम दाखवायची आहे, असं त्यांनी समजावलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाले की भूमच्या बाजारात आपला शब्द चालतो. उद्यापासून एकही दुकानदार तुझ्याकडून कागद लिहून घेणार नाही.

मच्छिंद्र कुंचला फिरवतच राहिला. चुना त्याच्या सदऱ्यावर, तोंडावर उडत होता.

"काम तुमचं हाय, आबा. ओळ माजी हाय. खोटी निगाली, म्हनून म्या पुसतोय."

रांगेतले सगळे इकडंच बघत होते. आबारावांनी एकवार रांगेकडं पाहिलं, एकवार भिंतीकडं. मग त्यांनी दगडोबाला हातानं खूण केली. दगडोबानं केशरबाईंच्या हातातली चरवी घेतली, दूध मापलं आणि कॅनमध्ये ओतलं. रांगेतल्या दोन बायकांनी आपापली भांडी उचलली आणि घरची वाट धरली. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या कडूबाई पाटलिणीनं आपली कासंडी पुढं सरकवली आणि दगडोबाला हात चालव म्हणून सांगितलं, ऊन चढायला लागलंय.

केशरबाई रिकामी चरवी पोटाशी धरून उभ्या होत्या.

आबारावांनी रुमालानं मान पुसली. "झालं तुज्या मनासारकं? आता पेंटरला बोलावतो. दुपारपतूर ओळ भिंतीवर पायजे."

मच्छिंद्रनं भिंतीकडं पाहिलं. शेवटचे दोन शब्द राहिले होते. त्यानं कुंचला बुडवला आणि तेही पुसून टाकले.

"सायेब गुरवारी येऊन जातील, आबा," तो म्हणाला. "शुक्रवारीबी आईचं दूध घ्या, मग शनवारी लिवतो."