नडी

आसरा चौकातला सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत होता. म्हणजे पाळी कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांचीच होती. वैजयंतीनं दोन्ही पाय रस्त्याला टेकवून स्कूटी थांबवली. मागं लेक गिरिजा, पाठीला दप्तर, दोन्ही मुठींत आईची ओढणी गच्च धरलेली.

डावीकडून उसाची ट्रॉली डुलत आली. तिच्या मागोमाग दुसरी. त्या दोघींच्या फटीतून तीन मोटारसायकली सुटल्या, जणू रस्ता त्यांच्या घरचाच.

'अगं ब्रेक! ब्रेक मार की! घालशील कुणाच्या तरी अंगावर बे!'

हा राजशेखर. म्हणजे तिचा नवरा. तो तर सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला वर्कशॉपमध्ये गेला होता. पण मैदानावर तिला स्कूटी शिकवताना मागं बसून तो जे जे ओरडला होता, ते सगळं तिच्या हेल्मेटमध्ये मुक्कामाला राहिलं होतं. शब्द त्याचे, चढलेला सूर त्याचा, आणि शेवटी ते खास सोलापुरी 'बे'. माहेरी टेंभुर्णीत हा शब्द तिनं कुणाच्या तोंडी ऐकला नव्हता. आता तिचं मनसुद्धा तिला बे म्हणत होतं. 'तुझ्याच्यानं हुत न्हाय बे.'

काल ती गिरिजाला घेऊन इथूनच परत फिरली होती. शाळेची रिक्षा बंद झालेली, दुसरी मिळत नव्हती. राजशेखरनं रात्री जेवताना तोडगा काढला होता. "बसू दे घरी यंदा. जूनमध्ये गल्लीतल्या शाळेत घालू तिला. तू कशाला जिवावर उदार हुतीस?" तो मायेनंच बोलला होता. तिला तेच जास्त लागलं. गिरिजाचा शाळेत आत्ता कुठं जीव रमला होता.

मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. "ओ ताई, जायलाव का न्हाय? का हितंच संसार मांडताव?"

वैजयंतीनं मागं न बघता हात वर केला. फट दिसली. तिनं रेस दिली, गाडी हातभर पुढं गेली आणि समोर एस.टी.चं लाल तोंड आलं. दोन्ही ब्रेक एकदम. गिरिजाचं कपाळ तिच्या पाठीवर आपटलं.

"लागलं का गं?"

मग पाठीमागून अगदी बारीक आवाज आला. आईला सांगण्यासाठी नव्हता तो. आपला आपल्यालाच होता.

"हुत न्हाय बे. आपल्याच्यानं हुत न्हाय."

'बे' अगदी तस्साच, शेवटी लांबवलेला.

वैजयंतीनं मान वळवून मागं बघितलं. ही तर मैदानावर कधी आलीच नव्हती. मग हिनं ऐकलं कुणाकडून? क्षणभर तिला काही उमगेना. मग उमगलं. आपण मनात बोलतोय, असं तिला वाटत होतं. ते सगळं तोंडातून बाहेर पडत होतं, आणि कालपासून मागच्या सीटवरचे कान ते टिपून घेत होते.

नाही. हे नाही चालायचं.

तिनं मनात दुसरा कुठला तरी आवाज शोधला. आईचा सापडला, 'जपून गं बाई, जपून.' तो असल्यापेक्षा नसलेला बरा. कॉलेजातल्या बाईंचा सापडला, 'आत्मविश्वास बाळगावा.' उसाच्या ट्रॉलीसमोर त्याचं काय करायचं? मग आल्या सासूबाई.

निंगव्वा अक्कलकोटच्या बाजूच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. लग्न होऊन वैजयंती उंबऱ्यात उभी होती तेव्हा त्या मागून म्हणाल्या होत्या, "नडी यव्वा, नडी." तिला वाटलं, पहिल्याच दिवशी आपण यांना नडतोय. पुढं कितीतरी दिवस ती तो शब्द ऐकला की कोपऱ्यात सरकायची. शेवटी राजशेखरनं हसत हसत सांगितलं, अगं येडे, कानडीत नडी म्हणजे चल, पुढं हो; यव्वा तर मायेनं म्हणतात. मग तिच्या ध्यानात आलं, सासूबाई हे सगळ्यांनाच म्हणतात. अडून बसलेल्या म्हशीला, उंबऱ्यात अडकलेल्या सिलिंडरला, पायऱ्या चढताना स्वतःच्या गुडघ्यांना. त्यांच्या तोंडून तो शब्द आला की सिलिंडरसुद्धा हलायचा.

हे मनातल्या मनात म्हणून भागणार नव्हतं. तिनं हेल्मेटची काच वर केली. घसा खाकरला.

"नडी!"

"आं?" मागून गिरिजा.

"नडी यव्वा, नडी!" या खेपेला तिचा आवाज चौकभर गेला. रसाच्या गाड्यावरच्या माणसानं मान वळवून बघितलं. बघू दे. तिनं पाय उचलले, ट्रॉलीवाल्याकडं सरळ तोंड करून तळहात दाखवला आणि मूठ पिळली. तो थांबला. शिवी हासडली असेल, पण थांबला. गाडी चौकाच्या मध्यावर एकदा डगमगली. तिनं ब्रेक नाही, रेस दिली. मागं रिक्षावाला ओरडला, "आता कसं!"

चौक मागं पडला, तरी ती कुठं थांबली नाही.

शाळेच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा उशीर झालाच होता. अर्ध्या लावलेल्या फाटकात सिद्धम्मा मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. उशिरा येणाऱ्या पोरांना त्या नाव विचारून मगच आत सोडत. पालकांनी फाटकाच्या अलीकडंच थांबायचं.

गिरिजा उतरली. मावशींकडं बघून जागेवर खिळली. वैजयंतीच्या ओठांवर 'घाबरू नको' आलं होतं. ते तिनं गिळलं.

गिरिजानं दप्तराचे पट्टे वर ओढले आणि निघाली. एकेक पाऊल टाकताना तिचे ओठ हलत होते. तेवढ्यात घंटा वाजायला लागली, त्यामुळं ती काय म्हणत होती, कुणाच्या आवाजात म्हणत होती, ते वैजयंतीला ऐकू आलं नाही.