हिरवी खूण

इंटरनेटची वायर उपटून ठेवलेली होती. तरी त्यानं 'पाठवा' दाबताच दवाखान्याच्या वेबपानावर हिरवी खूण उमटली: 'निरोप मिळाला.'

"बघितलंत?" ऑफिसात नव्यानं आलेली सहकारी म्हणाली. "सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच ब्राउझर 'मिळाला' म्हणून मोकळा. निरोप वाटेत हरवला, तरी खूण येणारच. जेवणाआधीच ढेकर! कोणी लिहिलंय हे?"

"मी," तो म्हणाला.

पान फार रेंगाळतं, अशी डॉक्टरांची तक्रार होती. म्हणून त्यानं कोडमधली खुणेची ओळ वर घेतली होती. सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबणं काढून टाकलं होतं. पान झटपट चालायला लागलं. सगळे खूश झाले.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोनं याच पानावरून निरोप धाडला होता. नव्या गोळीनं श्वास लागतोय, डॉक्टरांना फोन करायला सांगा. खूण आली. "मिळाला बघा त्यांना. करतील फोन," ती म्हणाली. मोबाइल उशाशी ठेवून दोघं थांबली. खूण होती, म्हणून तोही उठला नाही. संध्याकाळी ती गेली.

नंतर दवाखान्यात जाऊन तो रिसेप्शनच्या बाईंवर सगळ्यांदेखत ओरडला होता.

"दादा, माझ्यापर्यंत काही आलंच नाही हो," बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

"मग ही खूण काय खोटं बोलते?" त्यानं बायकोचा मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला होता. स्वतःच्या हातच्या कामाबद्दल त्याला शंकासुद्धा आली नव्हती. बाईंची नोकरी गेली.

आता त्या एका लाँड्रीत काउंटरवर असत. वायर तशीच लोंबती ठेवून तो तिकडे गेला. दारातूनच बोलायला लागला, भराभर, खाली मान घालून.

"तुमची चूक नव्हती. निरोप तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. खूण मीच केलेली होती, खोटी. दवाखान्यालाही सांगतो तसं. मला माफ करा."

बाईंनी हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. त्यावर दुसरा ठेवला. तो जायला वळला.

"झालं? निघालात?" बाई म्हणाल्या. "तुमचं सांगून झालं. पण मिळालं, हे मी म्हणायचं असतं. बसा तिथं."